फिजिओथेरपी: घरी बोलवावी की सेंटरला न्यावं?

आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळलं. सुरुवातीला फिजिओथेरपिस्ट घरी यायचे, नंतर आम्ही सेंटरला जायला लागलो. दोन्ही करून बघितलंय.

घरी येणारा माणूस आपला पलंग, आपला संडास, आपला उंबरठा बघतो. आमचा पलंग फार बुटका होता. पायांखाली लाकडी ठोकळे लावले आणि यांना उठवताना माझी कंबर वाचली. लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळू शकतो, हे मला तेव्हा कळलं; तोवर मी बगलेत हात घालूनच उचलत होते! दर दोन तासांनी कूस कशी बदलायची तेही त्यांनी माझ्याकडून करवून घेतलं. ते तासभरच येणार, बाकीचे तेवीस तास मीच.

सेंटरला धरून चालायच्या दांड्या, आरसा, सरावाचा जिना असतो. एका वेळची फी कमी, पण नाशिकच्या सिडकोहून रिक्षाचं जाणं-येणं धरलं तर फरक उरत नाही. त्यात द्वारका सर्कलला अडकलो की यांना लघवीची घाई. पण तिथे शेजारी सराव करणारे आजोबा चार पावलं टाकताना दिसले आणि घरी काठीला हात न लावणाऱ्या यांनी खुणेनं काठी मागितली.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, तेव्हा खाडा नको म्हणून मी घरचंच निवडेन. बसल्यावर तोल राहायला लागला की सेंटर. पावसाळ्यात मात्र पुन्हा घरीच. आमच्या जिन्यावर पाणी येतं.