घरात एकच कॉम्प्युटर: विंडोज, मॅक की लिनक्स?

ताईकडे इंदुरात, रामबागेत रविवारी पोह्यांच्या बश्या उचलल्या गेल्या आणि टेबलावर नव्या कॉम्प्युटरची कोटेशनं आली. जुना कॉम्प्युटर २०१४ चा, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. मशीन अजून धडधाकट आहे. पण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे ताईच्या डब्याला तिथे प्रवेश नाही.

मागण्या तिघांच्या. भाचा अकरावीत, त्याला गेम. ताई घरी बसून दोन दुकानांचे हिशेब बघते, तिला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटीचं पोर्टल. तिचे सासरे अण्णा मराठीत लिहितात, रोज दोन पानं, गेली कित्येक वर्षं. बजेट ऐंशी हजार, मॉनिटर आहे तोच.

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानं फिरून आलो होतो. काउंटरवर काहीही विचारा, उत्तर एकच: "भिया, सब चलेगा." म्हणून मी घरी उलटा प्रश्न लावला. कशावर काय चालणार नाही, तेवढंच लिहून काढा. प्रोसेसरचे आकडे नंतर.

भाच्याने चार नावं लिहिली: व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, काउंटर-स्ट्राइक २, माइनक्राफ्ट. विंडोजवर चारही चालतात. मॅकवर फक्त माइनक्राफ्ट, तेही त्याची जावा एडिशन ही आवृत्ती. काउंटर-स्ट्राइकची आधीची आवृत्ती मॅकवर होती, पण २०२३ मध्ये दुसरी आली ती मॅकला वगळून. लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यावर माइनक्राफ्ट आणि काउंटर-स्ट्राइक २ चालतात, जीटीए अर्धा चालतो. अर्धा म्हणजे एकट्याने खेळायची गोष्ट चालते, ऑनलाइन नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय नावाचा चीटिंग पकडणारा पहारेकरी बसवला आणि लिनक्सवाल्यांना दार बंद झालं. व्हॅलोरंट तर लिनक्सवर मुळातच नाही.

हे पहारेकरी प्रकरण नीट समजून घ्या, कारण २०२६ मध्ये गेमिंगचा निर्णय ग्राफिक कार्डाच्या आधी इथे होतो. एकेकाळी लिनक्सवर गेम म्हणजे थट्टा होती. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम जे काही मागतो, ते प्रोटॉन लिनक्सच्या भाषेत समजावून देतं. पुढे २०२२ मध्ये त्यांनी स्टीम डेक हे हातात धरायचं मशीन याच जोरावर विकायला काढलं. आज एकट्याने खेळायचे बहुतेक मोठे गेम लिनक्सवर इन्स्टॉल करा आणि खेळा, इतके सरळ आहेत. अडतं ते दहा जणांबरोबर ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये. कोणी चीटिंग करतंय का हे बघायला व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतं, तेही कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून. लिनक्सचा कर्नल कोणीही स्वतः बदलून घेऊ शकतो. ज्या घराच्या भिंती मालक रोज हलवू शकतो तिथे पहारा काय देणार, असं या कंपन्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. पण माझ्या पटण्याने भाच्याची मॅच सुरू होणार नाही.

विंडोज घेतलं म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. भाच्याच्या मित्राकडे गेल्या वर्षी नवीन असेंबल्ड पीसी आला. व्हॅलोरंट उघडलं की पडद्यावर 'व्हॅन ९००३'. विंडोज ११ वर या गेमला सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उठू देणारी सोय, चालू लागते. आम्ही डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरलो, सीएसएम ही जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय बंद केली, सिक्युअर बूट चालू केलं, आणि विंडोजच उठेना. कारण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली, आणि सिक्युअर बूटला नवी जीपीटी पद्धत लागते. दुकानदाराने जुन्या पेन ड्राइव्हवरून, विंडोज ११ च्या अटी चुकवून, "फ्री में" विंडोज टाकून दिलं होतं. सीएसएम परत चालू केलं, सगळा डेटा बाहेर काढला, एमबीआर-टू-जीपीटी ही विंडोजचीच कमांड चालवली, पुन्हा बायोस. रात्रीचे साडेअकरा. मुलगा खेळला. लायसन्स मात्र नव्हतंच. खालच्या कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट विंडोज' अजून आहे. तेव्हा असेंबल्ड घेताना कोटेशनमध्ये विंडोजची स्वतंत्र ओळ आहे का ते बघा. नसेल तर आणखी साधारण दहा हजार धरा, किंवा विंडोजसकट येणारा ब्रँडेड डेस्कटॉप बघा.

आता मॅक. गेमच्या यादीत तो आपटला, पण त्याला तिथेच सोडणं अन्याय होईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये अॅपलच्या स्वतःच्या एम४ चिपचा मॅक मिनी आला तो १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी स्टोरेजसह ५९,९०० रुपयांना, विद्यार्थ्यांसाठी ४९,९००. तळहाताएवढा डबा. नुसता चालू असताना अॅपलच्याच आकड्यांप्रमाणे ४ वॅट घेतो, जास्तीत जास्त ६५. पूर्ण ताकदीने गेम चालवणारा पीसी तीनशे वॅटच्या आसपास जातो. त्यातल्या एकट्या आरटीएक्स ५०६० या ग्राफिक कार्डाची मर्यादाच १४५ वॅट आहे. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला २७ युनिट, सात रुपयांनी दोनशेच्या आत. बिल काही कोणाचा जीव घेत नाही. उष्णता घेते. मेमध्ये इंदूर चाळिशीच्या वर असतं, भाच्याची खोली गच्चीखालची, आणि हे तीनशे वॅट त्याच खोलीत हीटर लावल्यासारखे पसरतात. मॅक मिनीचा आवाजही येत नाही.

गेमच नाहीत असंही नाही. सायबरपंक २०७७ जुलै २०२५ मध्ये मॅकवर आला; किमान अट एम१ चिप आणि १६ जीबी मेमरी. बाल्डर्स गेट ३ आहे. ज्याला वर्षातून तीन-चार मोठे गेम सावकाश, एकट्याने खेळायचेत, त्याचं मॅकवर भागेल. शाळेतल्या टोळीबरोबर रोज रात्री खेळणाऱ्याचं नाही. इंटेलच्या जुन्या मॅकमध्ये बूट कॅम्प या अॅपलच्याच सोयीने विंडोज टाकता यायचं, एम-चिपच्या मॅकमध्ये ती सोय गेली. आणि कोणी स्वस्तात जुना इंटेलवाला मॅक देत असेल तर हात जोडा: मॅकओएस २६ ही त्या मशीनना मिळणारी मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची शेवटची आवृत्ती, असं अॅपलने सांगून टाकलंय.

मॅकची खरी बोच स्टोरेजची. मोठा गेम एकटा शंभर जीबी खातो, मग २५६ मध्ये राहिलं काय? एम४ मॅक मिनी आला तेव्हा २५६ चे ५१२ करायला कंपनी वीस हजार घेत होती. वीस हजार! बाहेरून यूएसबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क लावा, स्टीम तिथे गेम ठेवू देतं. पण मेमरी नंतर वाढवता येत नाही, घेताना घेतली तेवढीच. पीसीत आज एक स्टिक लावा, दिवाळीला दुसरी. फक्त २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरांनी चिपांचं उत्पादन आपल्याकडे ओढलंय, त्यामुळे दोन आठवड्यांपूर्वीच्या कोटेशनवर विसंबू नका. जायच्या दिवशी फोन करून भाव विचारा.

ताईचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला. टॅली प्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. मॅकवर हवं तर क्लाउडवरचं विंडोज दरमहा भाड्याने घ्यायचं, म्हणजे पुन्हा विंडोजच. डिजिटल सहीचा डोंगल, त्याचे ड्रायव्हर, पोर्टलवर सही करायची युटिलिटी, हे बहुतेक विंडोज गृहीत धरून केलेलं असतं. महिन्याच्या वीस तारखेला रात्री रिटर्न भरताना प्रयोग करायचे नसतात. ज्यांचं घरचं काम ब्राउझर, व्हॉट्सअॅप, बँक आणि फोटो यांच्यापलीकडे जात नाही त्यांना तिन्ही सारखेच. त्यांनी यावर एक संध्याकाळही घालवू नये.

अण्णांचं मात्र मला सर्वांत रंजक वाटलं. त्यांना भीती एकच, मराठी टायपिंग बदलेल. ते इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या आराखड्यावर लिहिणारे. 'ळ'साठी शिफ्ट-एन, 'सुऱ्या' आणि 'दऱ्या'मधल्या 'ऱ'साठी शिफ्ट-जे. बोटं आपोआप जातात. त्यांना मी तिन्ही मशीनवर 'बाळाच्या बाहुल्या, नदीच्या दऱ्या' टाइप करून दाखवलं: विंडोज, माझा मॅक, आणि पेन ड्राइव्हवरून उठवलेलं लिनक्स मिंट. कळ तीच, अक्षर तेच. ऐंशीच्या दशकात ठरलेला हा सरकारी आराखडा तिघांनीही आपापल्यात घेतला आहे. ज्याला इनस्क्रिप्ट येतं तो कुठल्याच कंपनीचा बांधील नाही. उलट अण्णांचे २००५ च्या आसपासचे लेख जुन्या फॉन्टमध्ये आहेत, सगळ्या मशीनवर एकच चालणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या. ते तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर उघडले की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यांची रूपांतरं करावीच लागतील, नवीन मशीन कुठलंही घ्या.

भाऊजींनी मधेच पीएस५, म्हणजे सोनीच्या गेमिंग कन्सोलचा विषय काढला. तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास यायचा, टीव्हीला लावला की झालं, व्हॅनगार्डची भानगड नाही. व्हॅलोरंटही त्यावर २०२४ पासून आहे. आणि जीटीए सिक्स जाहीर झाला तो फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला, हा इतिहास भाच्याने तोंडपाठ सांगितला. पण कन्सोलवर टॅली नाही, आणि गेम महाग. स्टीमचे भाव रुपयांत असतात, सेल लागतात, एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानवाले दर आठवड्याला एखादा फुकट देतात. ज्या घरात कामाचा लॅपटॉप आधीच आहे त्यांनी कन्सोलचा जरूर विचार करावा. ताईकडे तसा नाही. गेमिंग लॅपटॉपही मी खोडला: त्याच पैशांत कार्ड कमजोर, आवाज दुप्पट. भाचा दीड वर्षाने हॉस्टेलला गेलाच तर तेव्हा बघू.

एक खर्च कोणीच कोटेशनमध्ये लिहिला नव्हता. घरातला यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट. पावसाळ्याआधीच्या वादळात वीज पाच-पाच मिनिटं जाते-येते. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्या यूपीएसच्या नाकापर्यंत येतात आणि बॅटरी जुनी असेल तर तो 'टक्' करून सगळंच बंद करतो. हजार व्हीएचा घ्या, किंवा घरच्या इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चं बटण असतं ते दाबलेलं आहे का बघा. मॅक मिनीला जुना यूपीएसही पुरून उरला असता.

दुरुस्तीत पीसीला तोड नाही. एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा उडाला तर जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये तासाभरात दुसरा. अॅपलचं स्वतःचं दुकान इंदुरात नाही. अधिकृत सेवा केंद्रात द्यायचं आणि बोर्ड गेला तर अख्खा बोर्ड बदलायचा. तसा तो क्वचित जातो, हे माझ्या मॅकच्या बाजूने सांगायला हवं.

शेवटी विंडोजचा पीसी घेतला: सहा कोरचा रायझन प्रोसेसर, ८ जीबीचं ग्राफिक कार्ड, १६ जीबी मेमरी, लायसन्सची वेगळी ओळ. बजेट पाच हजारांनी फुटलं, मेमरीपायी. भाचा आणि टॅली, दोघांपैकी एक जरी नसता तर चर्चा वेगळी झाली असती. दोघंही नसते तर मी ताईला डोळे झाकून मॅक मिनी घ्यायला लावला असता.

जुना डबा भंगारात गेला नाही. त्यात दोन हजारांची एसएसडी टाकली आणि लिनक्स मिंट २२ बसवलं. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. तो आता अण्णांच्या खोलीत आहे, मॉनिटर शेजाऱ्यांनी काढून टाकलेला. पहिल्या आठवड्यात त्यांची तक्रार एकच आली, घरातला जुना लेझर प्रिंटर त्यावर चालत नाही. मी दोन संध्याकाळी ड्रायव्हरशी झटलो आणि सोडून दिलं. आता प्रिंट हवी असली की अण्णा फाइल व्हॉट्सअॅपवर ताईला पाठवतात आणि नव्या पीसीवर भाच्याची मॅच चालू असेल तर ती संपेपर्यंत दाराशी उभे राहतात.