पाठीतील फिस्टुलाचे निदान आणि शस्त्रक्रिया: न्यूरोसर्जरी विभागाविषयी अभिप्राय

माझ्या वडिलांच्या पाठीतील ड्युरल आर्टेरियोव्हेनस फिस्टुलाचे (धमनी आणि शीर यांच्यातील चुकीच्या जोडाचे) निदान आणि शस्त्रक्रिया याच रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागात झाली. भेटायला येणारे सगळे शस्त्रक्रियेचेच कौतुक करतात; माझ्या मते मात्र या विभागाचे खरे बळ त्याआधीच्या तपासणीत आहे, म्हणून तिच्याविषयीच अधिक लिहितो.

हा आजार दुर्मीळ असला, तरी मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या विकृतींमध्ये सर्वाधिक आढळतो तो हाच, आणि त्याचे बहुतेक रुग्ण पन्नाशी ओलांडलेले पुरुष असतात. मज्जातंतूच्या मुळाजवळ, ड्युरा नावाच्या जाड आवरणात, एक बारीक धमनी थेट शिरेला जोडली जाते. धमनीचा दाब शिरेत उतरतो, मज्जारज्जूतून बाहेर पडणारे रक्त तुंबते आणि रज्जूला सूज येते. रक्तस्राव सहसा होत नाही, त्यामुळे सगळे हळूहळू बिघडत जाते: थोडे चालले की पाय जड होतात, मग मुंग्या, बधिरपणा आणि पुढे लघवी अडणे. या वयात कमरेच्या मणक्यांची झीज तपासणीत हमखास सापडते आणि सारे खापर तिच्यावर फुटते. आमच्याकडेही तेच झाले. एका ठिकाणी ‘नस दबली आहे’ म्हणून पट्टा आणि गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या ठिकाणी मज्जारज्जूचा दाह समजून सलाईनमधून स्टिरॉइड दिले गेले आणि त्यानंतर वडिलांना आधाराशिवाय उभे राहता येईना. फिस्टुला असताना स्टिरॉइडने लक्षणे अचानक बळावू शकतात, हे आम्हाला इथे आल्यावर कळले.

इथल्या डॉक्टरांनी कमरेचा जुनाच एमआरआय पुन्हा पाहिला. फिल्मच्या वरच्या कडेला, जिथे मज्जारज्जू संपतो, तिथे पेनाचे टोपण ठेवून त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या: रज्जूच्या आतला पांढुरका पट्टा, म्हणजे सूज, आणि त्याच्या मागे मोहरी सांडावी तसे काळे ठिपके, म्हणजे फुगलेल्या शिरा. अहवालात यातले काहीच नव्हते. सबंध पाठीचा एमआरआय त्याच दिवशी करून घेतला गेला आणि त्यात हे ठिपके बरेच वरपर्यंत दिसले.

तरीही एमआरआयवरून फिस्टुला नेमका कुठे आहे हे ठरत नाही, कारण सूज एका पातळीवर आणि जोड दुसऱ्याच पातळीवर असू शकतो. त्यासाठी अँजिओग्राफीच लागते. जांघेतून नळी घालून बरगड्यांच्या आणि कमरेच्या धमन्या, डाव्या-उजव्या दोन्ही, एकेक करून डाय सोडून पाहतात. तिथे काही सापडले नाही, तर ओटीपोटातल्या आणि मानेतल्याही तपासाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आणि कंटाळवाणे आहे, आणि ते अर्धवट सोडले, तर आजार असूनही ‘नॉर्मल’ असा शेरा पडू शकतो. आमच्या अहवालात तपासलेल्या प्रत्येक धमनीची स्वतंत्र नोंद होती. जोड पाठीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर उजवीकडे सापडला, पण तपासणी तिथे थांबवली नाही; रज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी अ‍ॅडमकिविच धमनी कुठून निघते हेही शोधले. ती डावीकडे, आणखी खाली होती. ती फिस्टुलाच्याच फांदीतून निघत असती, तर नळीतून तिथे ग्लू, म्हणजे जोड बुजवणारे चिकट द्रव्य, सोडणे धोक्याचे ठरले असते.

ग्लू की शस्त्रक्रिया, हे अँजिओग्राफी करणारे डॉक्टर आणि सर्जन यांनी आमच्यासमोर एकत्र बसून ठरवले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. ग्लू शिरेच्या सुरुवातीच्या भागापर्यंत पोहोचला नाही, तर जोड पुन्हा उघडतो, आणि वडिलांची धमनी फारच नागमोडी होती. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात शस्त्रक्रियेने फिस्टुला पूर्ण बंद होण्याचे प्रमाण सुमारे 98 टक्के, तर नळीतून केलेल्या उपचारात सुमारे 46 टक्के होते. नव्या द्रव्यांमुळे हा दुसरा आकडा पुढे सुधारला आहे, हेही त्यांनी लपवले नाही.

शस्त्रक्रिया त्या मानाने छोटी असते. मणक्याच्या मागच्या कमानीचा थोडा भाग काढून, सूक्ष्मदर्शकाखाली ड्युरा उघडून, जोडातून आत येणारी एकच शीर जाळून कापायची. रेकॉर्डिंगमध्ये आम्ही पाहिले की शिरेवर तात्पुरती क्लिप लावताच तिचा लालभडक रंग निवळून निळसर झाला. मज्जारज्जूतून जाणारे हाता-पायांचे सिग्नल स्थिर आहेत हे पाहून आणि रक्तप्रवाह दाखवणाऱ्या हिरव्या डायने खात्री करूनच ती कापली. बाकीच्या फुगलेल्या शिरांना हात लावला नाही, कारण रज्जूतल्या रक्ताचा निचरा त्यांच्यातूनच होतो. दोष ड्युरातल्या जोडात आहे हे केंडल आणि लोग या डॉक्टरांनी 1977 मध्ये दाखवून देण्यापूर्वी या शिराच सोलून काढत असत, हे ऐकून अंगावर काटा आला.

तक्रारी आहेत. अँजिओग्राफीचे संमतिपत्र फक्त इंग्रजीत होते आणि वडिलांना ते वाचता येत नव्हते. शस्त्रक्रियेतील सिग्नल-मॉनिटरिंगचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता, बिलात मात्र होता. घरी पाठवताना व्यायामाचा एक पुसट झेरॉक्स हातात पडला. फिजिओथेरपीची सोय आम्हालाच गावात शोधावी लागली. यासाठी एक तारा कमी करतो.

वडील आता काठी घेऊन अंगणात फिरतात. लघवीचा त्रास मात्र बराचसा तसाच आहे. चालण्यात जितकी सुधारणा होते तितकी लघवीत होत नाही, हे सर्जननी आधीच स्पष्ट सांगितले होते. इथे येणाऱ्यांनी जुन्या एमआरआयचे नुसते अहवाल न आणता मूळ फिल्म किंवा सीडी आणावी, आणि डाय बराच लागत असल्याने क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवावा; तो नसल्यामुळे आमची अँजिओग्राफी पुढे ढकलली गेली होती.