‘रेडी बेस मॅप’च्या नावाखाली मला चुना कसा लागला

घरात २००४ ची एस्टीम पडून होती. वडिलांनी वापरणं सोडलं तेव्हा ती भंगारात द्यायला माझा जीव होईना. दीड वर्ष रविवार-रविवार करत तिच्या १३०० सीसीच्या इंजिनाला छोटा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा), ती हवा गार करणारा इंटरकूलर आणि स्टँडअलोन ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा स्वतंत्र कॉम्प्युटर) बसवला. अंबडला एका मित्राचं लेथ आहे. तिथेच क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचं (एक दात मुद्दाम गाळलेलं) ट्रिगर व्हील लावलं, ज्यावरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं, सेन्सरचा ब्रॅकेट हाताने घडवला. पक्कं ट्यूनिंग पुण्याला डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करायचं ठरलं होतं. त्याआधी गाडी निदान सुरू व्हावी, आयडलला उभी राहावी, एवढ्यापुरता बेस मॅप (ईसीयूत भरायची सुरुवातीच्या सेटिंगची फाइल) हवा होता.

तो मी विकत घेतला, आणि सगळी माती तिथे झाली.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. माणूस नाशिकचाच, बोलायला गोड. "दादा, तुमच्याच इंजिनाची फाइल आहे माझ्याकडे, डायनोवर चाललेली. टाका आणि पळवा. पुण्याला फक्त फिनिशिंगला जा." सोबत डायनोच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर गाडीचं नाव होतं तिथे त्याचा अंगठा आलेला. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण खटकलं नाही. मॅपचे १८,००० आणि "मॅपला मॅच होणाऱ्या" ४४० सीसीच्या चार इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांचे) ९,५०० असे साडेसत्तावीस हजार यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "आपल्यात कसलं बिल!" मॅप सेन्सरही (हा मॅप वेगळा, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) त्यानेच सांगितला तो, ३ बारचा घेतला.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्याने लॅपटॉपचा रिमोट घेतला, वीस मिनिटांत फाइल चढवली आणि ईसीयूला पासवर्ड टाकला. "माझी मेहनत आहे ना दादा, कॉपी होते." या वीस मिनिटांत त्याने ट्रिगर व्हीलबद्दल एक प्रश्न विचारला नाही. व्हील आम्ही बसवलेलं, सेन्सर आमच्या ब्रॅकेटवर. गाळलेला दात सेन्सरसमोर येतो तेव्हा पहिला पिस्टन वरच्या टोकापासून किती अंश लांब आहे, हे जगातल्या दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये असूच शकत नाही. ते गाडीवरच मोजावं लागतं. मला हे माहीत होतं. पण पैसे दिलेल्या माणसावर शंका घेणं म्हणजे स्वतःवरच घेणं, म्हणून मी गप्प बसलो.

गाडी चालू झाली. स्टार्टर दोनदा धक्का देऊन अडकला, पण तिसऱ्यांदा झाली. "बॅटरी डाउन असेल," तो म्हणाला. आयडल बरं होतं, आणि मी खुशीत मित्रांना मिसळ खाऊ घातली.

चुका तेव्हाही स्क्रीनवर समोर होत्या. बाहेर हुडहुडी भरत होती, इंजिन रात्रभर थंड, आणि कूलंटचं तापमान ४१ दाखवत होतं. सुरू करण्याआधी कूलंट आणि इनटेक हवा दोन्ही साधारण बाहेरच्या हवेइतकी दिसायला हवीत. नाहीतर सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलेलं. दुसरा आकडा मॅप सेन्सरचा. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी तो फक्त वातावरणाचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, म्हणून इथे ९४ च्या आसपास. माझ्या स्क्रीनवर ८३ होतं. म्हणजे सेन्सर ३ बारचा आणि फाइलमधलं कॅलिब्रेशन अडीच बारच्या सेन्सरचं. ईसीयूला दाब कमी दिसला की तो पेट्रोल कमी टाकतो आणि स्पार्क आधी देतो. टर्बो गाडीला मारायची याहून सोपी रीत नाही. बूस्ट कट (टर्बोचा दाब हद्दीपुढे गेला की इंजिन आवरणारी मर्यादा) १५० किलोपास्कलवर ठेवलाय म्हणून मी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात तो पावणेदोनशेच्या पुढे बसला असता.

बेस मॅपवर बूस्ट द्यायचाच नसतो. पेट्रोल-हवेचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सरही मी "नंतर लावू" म्हणून ठेवला होता. तरी एका रात्री विल्होळीच्या पुढे मोकळा रस्ता दिसला आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, दोन-तीन सेकंद. मग गाडी तीन सिलिंडरवर आली. टोइंगवाल्याने वाटेत एकच विचारलं, "किती घातले यात?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

कॉम्प्रेशन तीन सिलिंडरमध्ये १५५ ते १६० पीएसआय, तिसऱ्यात ९०. हेड उघडलं, पिस्टन काढला. रिंगांच्या मधली कड नखाएवढी तुटलेली. तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्याला फोन केला. "पेट्रोल खराब असेल दादा." दुसऱ्या फोनला, "तुम्ही जास्त पळवली." तिसरा लागलाच नाही.

पुण्याच्या ट्यूनरकडे फक्त ईसीयू आणि लॅपटॉप घेऊन गेलो. पासवर्डचं सांगितलं तर त्याने १२३४ टाकून पाहिला, उघडलं. मग ईसीयू बनवणाऱ्याच्या साइटवर फुकट मिळणारी डेमो फाइल उतरवली आणि दोन्ही फाइल शेजारी ठेवून तुलना चालवली. फरक निघाले तीन: गाडीचं नाव, इंजेक्टरचा आकडा आणि पासवर्ड. अठरा हजार भागिले तीन, म्हणजे फरकाला सहा हजार पडले.

इंजेक्टर नाशिकलाच बेंचवर तपासले. मिनिटाला ४४० सीसी म्हणजे ३ बार दाबाला ३० सेकंदांत नळीत २२० मिली यायला हवं. तीन नळ्यांत १८५ च्या आगेमागे आलं, चौथीत १५२. ती चौथी नळी तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरची. अंगावरचा नंबर ग्राइंडरने घासलेला होता. वरचं प्लॅस्टिक नवं, म्हणून मला नवे वाटले. डेमो फाइलचं टेबल मुळात रिच (पेट्रोल जास्त टाकणारं) होतं, त्यामुळे आयडलला काहीच कळलं नाही.

इंजिन पुन्हा बांधल्यावर टायमिंग लाइट (ठिणगी पडते त्या क्षणी चमकणारा दिवा) मी स्वतः धरला. पुलीवर वरच्या टोकाची खूण आधी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून पक्की केली. त्याच्या फाइलची ट्रिगर सेटिंग तशीच ठेवून टायमिंग १० अंशांवर लॉक केलं आणि पुलीवर लाइट मारला. खूण २२ वर. ईसीयू जे सांगायचा त्याच्या १२ अंश आधी ठिणगी पडत होती. स्टार्टरचे धक्के बॅटरीचे नव्हतेच.

तक्रारीचं विचाराल तर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, पैसे गेल्या-गेल्या फोन करायचा असतो; मी तीन आठवड्यांनी केला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकली आहे, पण बिल नाही, फक्त यूपीआयची नोंद आणि चॅट. पोलिसांत जायला पाय उचलत नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल केलेली माझी गाडीच रस्त्यावर आणण्याजोगी नाही. हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याचं दुकान आमच्या याच लाजेवर चालतं.

गेल्या आठवड्यात सिन्नरच्या एका मुलाने फोन केला. त्या माणसाच्या स्टेटसवर माझ्या इंजिनाचा फोटो त्याने पाहिला होता, खाली ‘नाशिकची आणखी एक गाडी मॅप्ड’. त्यालाही फाइल आणि सेन्सर मिळून सेट कालच मिळाला होता, अजून स्टार्टर मारला नव्हता. म्हटलं, थांब. चावी फक्त ऑन कर, लॅपटॉप लाव आणि मॅप सेन्सरचा आकडा वाच.

"दादा, त्र्याऐंशी दिसतंय. बरोबर ना?"