२ फुटी प्लांटेड टँकला कुठली लाईट घ्यावी: बॅटन, फ्लडलाईट, टी५ की आरजीबी?

माशांच्या टँकमध्ये झाडं लावायची ठरलं की सगळे पहिल्यांदा हेच विचारतात, लाईट कुठली घेऊ. पण त्याच्या आधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात, झाडं कुठली लावणार आणि सीओटूचा, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडायच्या कार्बन डायऑक्साईडचा, सिलिंडर घेणार की नाही. हे पक्कं असलं की लाईट दहा मिनिटांत ठरते. नाहीतर होतं काय, लोक दहा-बारा हजारांची लाईट घेतात आणि खाली अनुबियास आणि जावा फर्न, ज्यांना मुळात सावलीच आवडते, किंवा बरोबर उलटं, टँकसोबत फुकट आलेल्या हूडच्या निळसर पट्टीखाली मॉन्टे कार्लो ह्या बुटक्या झाडाचं तळभर हिरवं कार्पेट करायला घेतात आणि महिन्याभरात ते पिवळं पडून सुटून वर तरंगायला लागतं. दोन्ही बघितलंय, फार वाईट वाटतं, कारण माणसाने मनापासून केलेलं असतं.

आपला नेहमीचा टँक धरू, २४ बाय १२ बाय १२ इंच, काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर. वॅटवर जाऊ नका, तो हिशोब ट्यूबच्या काळातला, खोक्यावर लुमेन, म्हणजे लाईट एकूण किती उजेड देते तो आकडा, बघा. ढोबळमानाने लिटरमागे १० ते २० लुमेन म्हणजे सावलीतल्या झाडांपुरता उजेड, २० ते ४० मध्यम, आणि ४० च्या वर गेलात की सीओटू हवाच. खरं माप म्हणजे पार, तळापर्यंत पोचणारा झाडाच्या कामाचा उजेड, पण त्याचा मीटर महाग असतो, एका टँकसाठी घेण्यात अर्थ नाही. आणि केल्विनवरून, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते सांगणाऱ्या आकड्यावरून, फार डोकं फोडू नका. ६५०० केल्विन आपल्या डोळ्याला स्वच्छ, दिवसासारखं दिसतं म्हणून घ्यायचं, ४००० केल्विनच्या लाईटखालीसुद्धा झाडं वाढतात, फक्त पाणी पिवळसर वाटतं.

सगळ्यात स्वस्त म्हणजे घरात भिंतीला लावतो ती एलईडी बॅटन. २ फुटी १० वॅटची साधारण १००० लुमेन देते, दोन लावल्या की २०००, म्हणजे लिटरमागे ३५ च्या आसपास, आणि बॅटनचा थोडा उजेड बाजूला वाया जातो तो धरला तरी क्रिप्ट, वॅलिसनेरिया, जावा मॉस, अनुबियास सगळं आरामात होतं. उजेडही टँकभर सारखा पडतो. पण ही लाईट ओलाव्यासाठी बनवलेली नसते, त्यामुळे मध्ये काचेचं झाकण हवंच हवं, आणि वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्यायची, म्हणजे थेंब ओघळला तरी तिथून खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. ह्यात अजिबात हयगय नको, टँकमध्ये हात घालताना तर मेन स्विच बंदच.

फ्लडलाईट आपल्याकडे बऱ्याच जणांनी लावलेली दिसते, बाहेर गेटवर लावतात तीच. आयपी६५ असते म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांची भीती नाही, दणकट असते, आणि पैशाच्या मानाने उजेड भरपूर. तोच भरपूर उजेड मला नडला. मी सुरुवातीला ५० वॅटची लावली होती, पाण्यापासून जेमतेम चार इंचांवर, रोज १० तास, आणि सीओटू नव्हता. तिसऱ्या आठवड्यात अनुबियासच्या पानांच्या कडेला बारीक हिरवे धागे दिसायला लागले, टूथब्रश फिरवून गुंडाळून काढले की दोन दिवसांत परत तेवढेच. मी खत कमी केलं, पाणी बदललं, मासे कमी खायला घातले, आणि दोष होता वरती. चुलीखाली जाळ मोठा आणि पातेल्यात पाणीच नाही अशी गत, झाडाला उजेड मिळतोय पण त्या वेगाने वाढायला सीओटू नाही, मग तो उजेड शेवाळ वापरतं. ३० वॅटची घेऊन फूटभर उंच टांगली, ७ तासांवर आणली, खराब पानं कापून टाकली, तेव्हा कुठे दीड महिन्याने टँक सावरला. एक अडचण राहतेच, फ्लडलाईट मध्ये लख्ख आणि २ फुटी टँकचे दोन्ही कोपरे मंद, आणि उंच टांगली की अर्धी खोली उजळते, हॉलमध्ये टीव्ही बघणाऱ्यांना त्रास होतो.

टी५, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूब, त्याबद्दल थोडक्यात. २४ वॅटच्या दोन, चांगल्या रिफ्लेक्टरसकट, आजही सुंदर एकसारखा उजेड देतात आणि ज्यांच्याकडे जुनं फिक्स्चर आहे त्यांनी फेकून देऊ नका. पण ट्यूब दिसायला पेटलेली असली तरी उजेड उतरत जातो, वर्षभरात बदलावी लागते, दुकानात सहज मिळत नाही, आणि तापते. मुंबईत मे महिन्यात पाणी तसंच ३० च्या वर जातं, त्यात हे वरून, शिवाय पाणी जितकं गरम तितका सीओटू कमी विरघळतो. नवीन घेणार असाल तर मी टी५ सुचवणार नाही.

आता आरजीबी, चिहिरोस वगैरे कंपन्यांच्या. महाग आहे, पण नुसतं नावाचे पैसे नाहीत. साध्या पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर फॉस्फरचा थर असतो, त्यात गडद लाल कमी पडतो, आरजीबीत लाल, हिरवा, निळा वेगळे असतात म्हणून रोटाला आणि लुडविगिया ही लालसर होणारी उंच झाडं अशा काही रंगात येतात की बघत राहावं. त्यातला काही लाल रंग झाडाचा आणि काही लाईटने उठून दिसणारा, हेही लक्षात असू द्या. वाढही बदलते. फ्लडलाईटखाली माझी रोटाला उंच जायची, खालून काड्या उघड्या, पानापानात बोटभर अंतर. ओळखीतल्या एकांकडे आरजीबी आणि सीओटूखाली तीच रोटाला बघितली, दाट झुडूप, शेंडे तांबूस, आणि दुपारी चारच्या सुमाराला प्रत्येक पानाखालून ऑक्सिजनचे मोत्यासारखे बुडबुडे सुटत होते. पण सीओटू, खत आणि दर आठवड्याला कात्री हे तिन्ही जमणार असेल तरच ह्यात पैसे घाला. तोवर घेतलीच तर डिमरने ३०-४० टक्क्यांवर चालवा.

बिलाचं म्हणाल तर रोज ८ तास धरून दोन बॅटन महिन्याला पाचेक युनिट, दोन टी५ साडेअकरा, ६० वॅटची आरजीबी पूर्ण ताकदीवर साडेचौदाच्या आत. ह्यावरून कुठली घ्यायची ते ठरवण्याइतका फरक नाहीये.

मला विचाराल तर पहिलाच टँक, सीओटू नाही, सोपी झाडं, तर दोन बॅटन आणि उरलेल्या पैशात चांगली माती. बॅटनची काच-वायर सांभाळायची नसेल किंवा टँक दीड फूट खोल असेल तर ३० वॅटची फ्लडलाईट, पण उंची कमीजास्त करता येईल अशीच टांगा. सीओटू आधीच चालू आहे आणि लाल झाडांची हौस आहे, तर मधलं काही न घेता सरळ आरजीबी.

आणि कुठलीही घ्या, टायमर लावाच. फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर लाईट गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो, आपल्याकडे दोन-तीन तास वीज गेली की संध्याकाळी ७ ला बंद होणारी लाईट १० पर्यंत चालू, आणि आपल्या लक्षातही येत नाही. बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल किंवा वायफाय प्लग घ्या. नवीन टँकला पहिले तीन-चार आठवडे ६ तासच ठेवा, झाडांनी नवी पानं धरली की अर्धा-अर्धा तास वाढवत ८ पर्यंत न्या. ह्या दिवसांत काचेवर तपकिरी थर येतो, बोटाने पुसला की निघतो आणि पुढे आपोआप कमी होतो, त्याला घाबरून लाईट बदलू नका.