गाजलेला ॲनिमे आणि आडवाटेचा ॲनिमे: वर्गणी भरण्याआधी

लातूरच्या ट्यूशन एरियात असो की छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेज कट्ट्यावर, ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशनचा, विषय निघाला की नावं ठरलेली असतात. नारुतो, वन पीस, डीमन स्लेयर, जुजुत्सु काइसेन. त्यात कोणी 'सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन' किंवा 'मुशिशी'चं नाव काढलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, हे काहीच कळत नाही. दुसरा म्हणतो, तुमचं ते लहान पोरांचं. दोघंही चुकीच्या जागी भांडतात. किती लोक बघतात, यावरून मालिकेची पारख होत नाही. तिचे भाग किती, आणि पहिला भाग बनवताना शेवट ठरलेला होता का, एवढ्या दोन प्रश्नांवर बरंच कळतं.

नारुतो, वन पीस, डेथ नोट, डीमन स्लेयर हे सगळे 'वीकली शोनेन जम्प' या जपानी साप्ताहिकातल्या चित्रकथांवरून आले. चित्रकार आठवड्याला एक प्रकरण देतो, साधारण एकोणीस-वीस पानांचं. टीव्हीवरही मालिका दर आठवड्याला चालू राहिली, तर ती थोड्याच दिवसांत मूळ कथेला गाठते. मग स्टुडिओपुढं दोनच वाटा उरतात: मधे स्वतःच्या गोष्टी घालायच्या, नाही तर एकच प्रसंग ताणायचा. नारुतोनं पहिली वाट धरली. मूळ मालिका 220 भागांची आहे, पण 135 व्या भागानंतर शेवटपर्यंत जवळजवळ सगळी भरती, म्हणजे स्टुडिओनं मधे घातलेल्या गोष्टी आहेत. ती सोडून थेट 'शिप्पूदेन' या पुढच्या मालिकेवर गेलात तर कथेत काही तुटत नाही. शिप्पूदेनचे पुन्हा 500 भाग आहेत आणि त्यातही भरतीची मोठी पट्टी आहे, म्हणून भागांची यादी जवळ ठेवूनच बसा. वन पीसनं दुसरी वाट धरली. तिथं भरती कमी आहे, पण पुढं पुढं एकेका भागात चित्रकथेचं जेमतेम एक प्रकरण सरकतं. 1999 पासून अकराशेहून जास्त भाग झाले. भागाला 24 मिनिटं धरली तरी 440 तास होतात. त्याच्यासमोर 'सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन' पूर्ण बघायला सव्वापाच तास लागतात.

पण यावरून गाजलेलं सगळं फुगवलेलं असतं असं समजू नका. अलीकडच्या मालिकांनी हा दोष जवळजवळ काढून टाकलाय. डीमन स्लेयरची चित्रकथा मे 2020 मध्ये संपली आणि ॲनिमे हंगामाहंगामानं येत गेला, त्यामुळं भरतीची गरजच पडली नाही. क्रम मात्र नीट धरा: पहिला हंगाम 26 भाग, मग 'मुगेन ट्रेन', मग 11, परत 11, मग 8 भाग आणि त्यानंतर 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट. नवे प्रेक्षक अडखळतात ते मुगेन ट्रेनपाशी. ती 2020 चा चित्रपट म्हणूनही आहे आणि 2021 मधली सात भागांची मालिका म्हणूनही. गोष्ट एकच आहे, दोन्ही बघायची गरज नाही. चित्रपट घ्या, दमदार आहे. त्यातलं रेन्गोकू हे पात्र आवडलं तर टीव्ही आवृत्तीचा फक्त पहिला भाग वेगळा बघा, कारण तो चित्रपटात नाही.

फुलमेटल ॲल्केमिस्टमध्येही असाच घोळ होतो. 2003 ची मालिका 51 भागांची, आणि मूळ कथा तेव्हा अपुरी असल्यामुळं ती पुढं वेगळ्या वाटेनं जाते. 2009 ची 'ब्रदरहूड' 64 भागांत कथेचा मूळ शेवट गाठते. एकच बघायची तर ब्रदरहूड. सुरुवातीचे प्रसंग ती भराभर उरकते, तेवढं सोसावं लागतं. डेथ नोट 37 भागांची, आणि 25 व्या भागानंतर तिची पकड सैल होते. तरीही ज्यानं आयुष्यात एकही ॲनिमे बघितला नाही, त्याच्या हातात पहिल्यांदा द्यायला तिच्याइतकी चांगली मालिका सापडणं अवघड आहे.

आता आडवाट. आमचं मन इथं जास्त रमतं, आणि त्याचं कारण गूढपणा नव्हे. या मालिका बांधून केलेल्या असतात. लेन (1998) कोणत्याही चित्रकथेवरून आलेली नाही. दिग्दर्शक र्यूतारो नाकामुरा, लेखक चिआकी कोनाका आणि पात्रं रेखाटणारे योशितोशी आबे यांनी ती तेरा भागांचीच म्हणून रचली. एक मुलगी, तिच्या घरातला संगणक आणि सगळ्यांना जोडणारं एक जाळं, एवढाच ऐवज आहे. तिचा एक प्रसंग जवळून बघा. लेन सकाळी घरातून शाळेला निघते. घरं, भिंती, रस्ता सगळं पांढरंफटक, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी बारा वाजता चुन्याची भिंत डोळ्यांवर येते तसं. सावल्या मात्र निव्वळ काळ्या नाहीत, त्यांच्या आत लालसर डाग हलत असल्यासारखे दिसतात. आणि वरून विजेच्या तारांचा सलग घूं असा आवाज, डीपीजवळ उभं राहिल्यावर येतो अगदी तसा. कोणी एक शब्द बोलत नाही, पण हे जग कशावर चालतं ते त्या आवाजानं सांगून टाकलेलं असतं. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून हा खालचा सूर निघतच नाही. मग प्रसंग नुसता संथ वाटतो आणि माणूस कंटाळून बंद करतो. लेन इअरफोन लावूनच बघा. 'काहीच कळत नाही' या तक्रारीचा अर्धा भाग तिथंच मिटतो.

मुशिशी (2005) त्यामानानं सोपी आणि आपल्या माणसाला फार लवकर लागू पडणारी. 26 भाग, प्रत्येक भाग स्वतंत्र. गिन्को नावाचा भटका जाणकार गावोगाव फिरतो आणि 'मुशी' नावाच्या, डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या जिवांमुळं आलेली दुखणी बघतो. 'बाहेरचं झालंय' हे वाक्य ज्या घरात कधी ना कधी बोललं गेलंय, तिथं ही मालिका समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की गिन्को अंगारा देत नाही. तो आधी विचारतो, निरखतो, मग उपाय करतो, आणि उपाय नेहमीच लागू होतो असंही नाही. हिच्यासाठी एक सेटिंग बदला: पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. तोशियो मासुदा यांनी प्रत्येक भागाच्या शेवटाला वेगळं संगीत दिलंय. ॲपनं ते कापून पुढचा भाग लावला की गोष्ट मनात उतरायच्या आत पुसली जाते. रात्री एकच भाग बघावा.

मोनोनोके (2007) मागताना नाव नीट सांगा. दिग्दर्शक मियाझाकी यांचा 1997 चा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा वेगळा चित्रपट आहे, आणि लोक हमखास तोच लावून बसतात. ही 12 भागांत पाच गोष्टी सांगणारी मालिका. एक औषधविक्या, त्याची तलवार, आणि अट अशी की समोरच्या पिशाच्चाचं रूप, घडलेलं सत्य आणि त्यामागचं कारण ही तिन्ही कळल्याशिवाय तलवार म्यानातून निघत नाही. म्हणजे मारामारीच्या आधी चौकशी. चित्रं जपानी कागदाच्या पोतावर काढल्यासारखी, भिंतीभिंतीवर नक्षी. पैठणीच्या पदरावरचा मोर लांबून मोबाइलवर काढला तर नुसता हिरवा-जांभळा धब्बा दिसतो, तशी कमी दर्जाच्या प्रक्षेपणात या मालिकेची दशा होते. डेटा वाचवताना व्हिडिओतून आधी बारीक नक्षीच गळते. ही मालिका 480पी वर बघू नका, वायफाय मिळेपर्यंत थांबा.

टेक्नोलाइझ (2003, 22 भाग) आम्ही नवख्या माणसाला सुचवत नाही. पहिल्या भागात बोलणं जवळजवळ नाहीच आणि पुढं अंधार वाढत जातो. 'तीन भाग बघून ठरव' हा नियम गाजलेल्या मालिकांना बरोबर लागतो, कारण वाचक धरून ठेवायची सवय त्यांच्या साप्ताहिकातूनच आलेली असते. टेक्नोलाइझला तो लावलात तर दहातले नऊ जण तिसऱ्या भागावर सोडतील, आणि मालिकेची खरी ताकद शेवटच्या चार-पाच भागांत आहे. दिग्दर्शक मामोरू ओशी यांचा 'एंजल्स एग' हा चित्रपट (1985) तर 71 मिनिटांचा आणि बहुतांश मुका. दोन्ही शेवटाला ठेवा.

इव्हँगेलियन (1995) जपानमध्ये घराघरात पोचलेली, आपल्याकडं मात्र अजून आडवाटेचीच. नेटफ्लिक्सवर आहे. 26 भाग बघा, लगेच 1997 चा 'एंड ऑफ इव्हँगेलियन' बघा. शेवटचे दोन भाग मनाच्या आत घडतात आणि बाहेर काय झालं ते चित्रपटात आहे. 26 व्या भागावरच थांबलात तर मालिका अर्धवट वाटणारच. एक उणीव सांगतो: नेटफ्लिक्सच्या आवृत्तीत जपानबाहेर 'फ्लाय मी टू द मून' हे शेवटचं गाणं काढलेलं आहे, आणि त्यानं भागांचा शेवट बराच कोरडा होतो.

दोन्ही वाटांच्या मधे पूल हवा असेल तर मॉन्स्टर. 74 भाग, जर्मनीतला एक जपानी मेंदूशल्यविशारद, त्यानं वाचवलेला एक मुलगा आणि त्याचे परिणाम. भरती नाही, शक्ती-बिक्ती नाहीत. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींनी तर जरूर बघावी.

भाषेचं एक. मराठीत ॲनिमे फारसा मिळतच नाही. गाजलेल्या बऱ्याच मालिका हिंदीत आहेत आणि घरात चारजणांत बसून बघायला हिंदी डब चांगला. तू, तुम, आप हा फरक त्यात जिवंत राहतो, इंग्रजीत तो मरतो. आडवाटेच्या बहुतेक मालिकांना हिंदी नाही. मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी ओळी. इथं मराठी माणसाला एक गोष्ट उपयोगाची आहे. जपानीतही क्रियापद आणि नकार शेवटी येतो, आपल्यासारखा. 'मी तुला मारणार...' आणि थांबून '...नाही', अशी वाक्यं असतात. इंग्रजी ओळ तो नकार आधीच छापून मोकळी होते आणि आवाजातला थांबा वाया जातो. म्हणून ओळ झटकन वाचून नजर लगेच वर चेहऱ्याकडं न्या. दोन-तीन भागांत सवय लागते. सान, सामा, कुन, सेन्पाई हे नावांमागचे जोड कानानं टिपत चला. आपण राव, साहेब, दादा कुठं लावतो आणि कुठं गाळतो, त्याच जातीचा हा हिशेब आहे.

पैशाचं. क्रंचीरोल या ॲनिमेच्या ॲपनं 2022 मध्ये भारतातले दर उतरवले: फॅन 79 रुपये महिना, मेगा फॅन 99. आजचा दर ॲपमध्ये बघून घ्या. फॅनमध्ये एका वेळी एकच उपकरण चालतं. मेगा फॅनमध्ये चार, आणि भाग डाउनलोड करता येतात. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही अशा गावात मेगा फॅनचे वरचे पैसे डाउनलोडसाठीच द्यायचे. रात्री वायफायवर भाग उतरवून ठेवले की दुसऱ्या दिवशी लाइट गेली तरी अडत नाही. नेटफ्लिक्सचा 149 चा मोबाइल प्लॅन फक्त 480पी देतो. डेथ नोटला चालेल, वर सांगितलेल्या नक्षीच्या मालिकांना नाही. नेटफ्लिक्सच्याच अंदाजानं साध्या दर्जाला तासाला 1 जीबीपर्यंत आणि एचडीला 3 जीबीपर्यंत डेटा जातो. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर एचडीत एक भाग झाला की दुसरा पुरता होत नाही. यूट्यूबवर म्यूज इंडियाच्या अधिकृत वाहिनीवर काही मालिका फुकट आहेत, सुरुवात तिथून केली तरी चालते.

प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, त्यामुळं गाजलेलं बरंचसं एका ॲपवर मिळतं आणि आडवाटेचं विखुरलेलं असतं. आज असलेली मालिका पुढच्या वर्षी निघूनही जाते. वर्षाची वर्गणी भरण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या पाच नावांचा शोध ॲपमध्ये घ्या. पाचपैकी तीन सापडली नाहीत तर महिन्याचीच भरा.

टीव्हीवर बघणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. जुन्या मालिका 4:3 आकारात आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या घालवायला चित्र ताणू नका, चेहरे भाकरीसारखे पसरतात. दुसरं, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीवर तिचं नाव ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस. ॲनिमेत सेकंदाला 24 चौकटी असल्या तरी नवी चित्रं बहुतेकदा 12 किंवा 8 च असतात. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं घालतो, मग तलवारीचा घाव पाण्यातून फिरल्यासारखा दिसतो आणि कडांना भुतासारखी दुहेरी रेघ येते. डीमन स्लेयरच्या लढायांना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो.

घरात डोरेमॉन आणि शिनचॅनवर वाढलेली पोरं असतील तर 'कार्टूनच आहे' म्हणून रिमोट त्यांच्या हातात देऊ नका. डीमन स्लेयरमध्ये मुंडकी उडतात. सातोशी कोन यांचा 'परफेक्ट ब्लू' (1997) आणि 'पॅरानोइया एजंट' (2004, 13 भाग) तर सरळ मोठ्यांसाठीच आहेत. क्रंचीरोल असो की नेटफ्लिक्स, पोरांचं प्रोफाइल वेगळं काढून वयाची मर्यादा आधी लावा, मगच पासवर्ड द्या.