गुपित बाहेर काढायचं, पण कुठल्या वाटेने?

लष्करातली किंवा गुप्तचर खात्यातली एखादी गोष्ट ढळढळीत चुकीची आहे, तिचा कागद हाताशी आहे आणि कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का आहे. अशा माणसापुढे ढोबळमानाने चार वाटा असतात. खात्यातच तक्रार करायची, लोकप्रतिनिधीला गाठायचं, निवडक कागद पत्रकाराला द्यायचे, नाहीतर सगळा साठाच इंटरनेटवर मोकळा करायचा. गप्प बसणं ही पाचवी वाट, आणि बहुतेक जण तीच धरतात.

या वाटा मी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. त्या वाटेने काही बदलतं का, निरपराध कुणाच्या जिवावर बेततं का आणि सांगणाऱ्याला काय भोगावं लागतं, या तीन गोष्टी तोलल्या. माझा कल आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला तो वजा करता येईल: जागल्याने, म्हणजे आतलं गैर बाहेर सांगणाऱ्याने, काय बाहेर काढलं याइतकंच, हाताशी असूनही त्याने काय बाहेर काढलं नाही, यावर मी त्याला जोखतो.

शिक्क्याला किती मान द्यायचा?

सैन्य उद्या कुठे हलणार, खबरी कोण आहेत, सांकेतिक लिपी कोणती, ही गुपितं खरीच गुपितं असतात. ती फुटली की माणसं मरतात. पण शिक्का मारणाऱ्या हाताला लाज झाकण्याचीही सवय लागते. १९४८ मध्ये जॉर्जिया राज्यात अमेरिकी हवाई दलाचं बी-२९ विमान कोसळून नऊ जण मेले. तीन विधवांनी दावा लावला आणि अपघाताचा अहवाल मागितला. अहवालात गुप्त उपकरणांची माहिती आहे, असं सरकारने सांगितलं. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अहवाल स्वतः न पाहताच सरकारचं म्हणणं मान्य केलं. सरकारी गुपिताच्या सबबीला अमेरिकी कायद्यात पक्कं स्थान मिळालं ते याच खटल्यात. सुमारे पन्नास वर्षांनी अहवाल खुला झाला, तर त्यात गुप्त उपकरणांचा तपशील जवळपास नव्हता. होता तो देखभालीतला हलगर्जीपणा.

त्यामुळे शिक्का पाहून घाबरूही नये आणि शिक्का आहे म्हणजे आत घबाडच असणार, असंही समजू नये. कागद वाचून ठरवावं.

खात्यात तक्रार

ही वाट सगळ्यात सभ्य. कायदा हीच सुचवतो आणि सुरुवात इथूनच करावी हे मलाही पटतं. ती कशी चालते हे मात्र दोन प्रकरणांवरून पाहा.

जानेवारी २००४. इराकमधल्या अबू घरीब तुरुंगात नेमणूक असलेल्या जो डार्बी या सैनिकाच्या हाती कैद्यांच्या छळाचे फोटो आले. त्याने ते सीडीवर घेतले आणि निनावी पत्रासह लष्कराच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे दिले. चौकशी लगेच सुरू झाली, सैनिकांना शिक्षा झाल्या. मुख्य आरोपीला दहा वर्षं मिळाली. यंत्रणा चालली म्हणायची. पण डार्बीला नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला होता आणि मे महिन्यात संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी सिनेट समितीपुढे त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. त्या वेळी डार्बी इराकमध्येच, शेकडो सैनिकांनी भरलेल्या भोजनगृहात जेवत होता आणि समोर टीव्हीवर ही सुनावणी चालू होती. पुढे त्याला बायकोसह संरक्षणाखाली राहावं लागलं. आपल्या गावी राहायला तो परत जाऊ शकला नाही.

दुसरं प्रकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचं, म्हणजे एनएसएचं. २००२ मध्ये तिथल्या काही माजी अधिकाऱ्यांनी ‘ट्रेलब्लेझर’ या महागड्या प्रकल्पातल्या उधळपट्टीबद्दल संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकाकडे रीतसर तक्रार केली. टॉमस ड्रेक हा अधिकारी तेव्हा सेवेत होता. त्याने चौकशीला माहिती पुरवली. डिसेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने वॉरंटशिवाय चाललेल्या फोन टेहळणीची बातमी छापली. बातमी कुणी फोडली याचा शोध घेता घेता एफबीआयने २००७ मध्ये छापे घातले ते याच तक्रारदारांच्या घरांवर. ती बातमी त्यांनी दिली नव्हती. ड्रेकवर २०१० मध्ये दहा गंभीर आरोप ठेवले गेले, ३५ वर्षं तुरुंगाची टांगती तलवार. एका वृत्तपत्राच्या पत्रकाराशी तो बोलला होता हे खरं, पण वर्षभरात खटला इतका पोकळ निघाला की अखेर एका किरकोळ गुन्ह्याची कबुली आणि वर्षभराचं प्रोबेशन यावर तो मिटला. नोकरी आणि निवृत्तिवेतन गेलं ते गेलंच.

या दोहोंत फरक काय? डार्बीची तक्रार खालच्या लोकांविरुद्ध होती. ड्रेक आणि त्याचे सहकारी वरच्यांच्या निर्णयाविरुद्ध बोलत होते. तुमची तक्रार ज्याच्यापर्यंत पोचणार आहे, तोच तिच्यात आरोपी आहे का, हे पाहिल्याशिवाय या वाटेचा भरवसा धरू नका.

लोकप्रतिनिधी

मला सगळ्यात जास्त भावलेलं उदाहरण इथलंच आहे. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय इथे अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली. मेलेल्यांचा आकडा अमेरिकी लष्कराच्या हिशेबाने ३४७, व्हिएतनामच्या हिशेबाने ५०४. सरकारी नोंदीत मात्र ‘१२८ शत्रू ठार’ अशी विजयाची बातमी. रॉन रायडनअवर हा सैनिक तिथे हजरही नव्हता. ओळखीच्या सैनिकांकडून त्याने ऐकलं, पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या तोंडून ऐकून ताडून पाहिलं आणि घरी परतल्यावर मार्च १९६९ मध्ये एक पत्र लिहून राष्ट्राध्यक्ष, संरक्षण खातं आणि सुमारे तीस संसद सदस्यांना पाठवलं. पत्रात कुणी सांगितलं, काय पाहिलं, कुठे, असं सगळं शांतपणे मांडलेलं. बहुतेकांनी दखल घेतली नाही. ॲरिझोनाचे मो युडल यांच्यासारख्या मोजक्यांनी लावून धरलं. सप्टेंबरमध्ये त्या कत्तलीतला एक अधिकारी, लेफ्टनंट कॅली, याच्यावर आरोप ठेवले गेले आणि नोव्हेंबरमध्ये पत्रकार सेमूर हर्श यांनी बातमी जगापुढे आणली.

या सगळ्यात रायडनअवरने शिक्क्याचा एकही कागद फोडला नाही. त्याच्यावर कुठलाच खटला भरता आला नाही. बरंच काही गुपिताला हात न लावताही सांगता येतं, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

ब्रिटनमधलं उदाहरण याच्या उलट्या टोकाचं. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाची ‘बेलग्रानो’ युद्धनौका बुडवली गेली, ३२३ जण मेले. त्याविषयी सरकार संसदेची दिशाभूल करतं आहे, असं संरक्षण खात्यातल्या क्लाइव्ह पाँटिंग यांना वाटलं. त्यांनी १९८४ मध्ये दोन कागद खासदार टॅम डॅलियल यांना पाठवले. डॅलियलनी ते संसदेच्या परराष्ट्र समितीच्या अध्यक्षांकडे दिले आणि अध्यक्षांनी ते सरळ संरक्षणमंत्र्यांना परत केले! खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की राज्याचं हित म्हणजे सत्तेवरचं सरकार म्हणेल ते. तरीही फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्यूरीने पाँटिंगना निर्दोष सोडलं. सरकारने यातून घेतलेला धडा म्हणजे १९८९ चा नवा शासकीय गुपिते कायदा. त्यात जनहिताचा बचाव ठेवलाच नाही.

पत्रकार, आणि निवडक कागद

या वाटेवर यशही मोठं आणि खड्डेही खोल.

अमेरिकी संरक्षण विश्लेषक डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाचा गुप्त सरकारी इतिहास फोडला, सुमारे ७,००० पानं, ४७ खंड. १९६९ च्या शरदात लॉस एंजेलिसमधल्या एका जाहिरात संस्थेच्या झेरॉक्स यंत्रावर रात्री रात्री प्रती काढल्या. एकदा तेरा वर्षांचा मुलगा यंत्र चालवत होता आणि दहा वर्षांची मुलगी कात्रीने पानांवरचे ‘टॉप सीक्रेट’ शिक्के कापत होती. पण हे कागद घेऊन ते आधी सिनेटरांकडे गेले. कुणी पुढे सरसावेना, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स. बातमी १३ जून १९७१ ला आली. वृत्तपत्राला तेव्हाही ४३ खंडच दिले होते. चार खंड शांतता वाटाघाटींबद्दल होते, ते एल्सबर्ग यांनी मागे ठेवले. चालू वाटाघाटी बिघडवल्याचा आरोप येऊ नये म्हणून.

दुसरं टोक कॅथरिन गन. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेतली अनुवादक. ३१ जानेवारी २००३ चा एक ईमेल, इराक युद्धाच्या ठरावाआधी सुरक्षा परिषदेतल्या डळमळीत सदस्यांच्या फोनवर पाळत ठेवायला मदत करा, असा एनएसएचा निरोप. तिने तेवढाच बाहेर काढला. ऑब्झर्व्हरने २ मार्चला तो छापला, पण छापताना कुणीतरी अमेरिकी स्पेलिंगं सवयीने ब्रिटिश करून टाकली. झालं, मजकूर बनावट आहे अशी ओरड सुरू. खरा कागद दिला तरी छापणाऱ्याच्या टेबलावर काय होईल, हे तुमच्या हातात नसतं. युद्ध थांबलं नाही. गनवर खटला भरला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारी वकिलांनी पुरावाच न देता तो सोडून दिला.

हातात नसण्याचं सगळ्यात विचित्र उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. लष्करी वकील डेव्हिड मॅकब्राइड यांची मूळ तक्रार अशी होती की अफगाणिस्तानातल्या आपल्या विशेष दलाच्या सैनिकांची वरिष्ठ उगाच चौकशी करताहेत. आत तक्रार करून झाली, मग कागद एबीसी या तिथल्या प्रसारण संस्थेकडे. पत्रकारांनी ते वाचले आणि त्यांना उलटीच बातमी दिसली, निःशस्त्र अफगाणांच्या हत्यांची. लष्करी चौकशीच्या २०२० च्या ब्रेरटन अहवालाने ३९ बेकायदा हत्यांचे विश्वासार्ह पुरावे असल्याचं सांगितलं. मे २०२४ मध्ये मॅकब्राइडना ५ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. त्या प्रकरणात शिक्षा होऊन तुरुंगात गेलेला पहिला माणूस गोळी चालवणारा नव्हता, कागद देणारा होता.

वृत्तपत्रं थांबतातही. वॉरंटशिवाय टेहळणीची ती २००५ ची बातमी टाइम्सने सरकारच्या विनंतीवरून वर्षाहून जास्त काळ दाबून ठेवली होती. २००४ ची निवडणूक त्या दरम्यान होऊन गेली.

सगळंच मोकळं

अमेरिकी लष्करातल्या चेल्सी मॅनिंगने ७ लाखांहून अधिक कागद विकीलीक्स या गुप्त कागद प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळाला दिले. त्याआधी वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क टाइम्सशी संपर्काचा प्रयत्न केला होता, दाद लागली नाही. बगदादमधल्या हेलिकॉप्टर हल्ल्याचं २००७ चं चित्रण, ज्यात रॉयटर्सचे दोन कर्मचारी मारले गेले, ते एकटं बाहेर आलं असतं तर मी बेलाशक तिच्या बाजूने उभा राहिलो असतो. रॉयटर्सने ते रीतसर मागूनही मिळालं नव्हतं. पण जुलै २०१० मध्ये आलेल्या अफगाण युद्धाच्या नोंदींत, सैन्याला माहिती देणाऱ्या स्थानिकांची नावं होती. लाखो कागद कुणा एकाने वाचून पाहणं शक्यच नसतं, आणि न वाचता दिलेल्या कागदाची जबाबदारी कशी घ्यायची? तिच्या खटल्यात, या नावांमुळे कुणी मारलं गेल्याचं सरकारला दाखवता आलं नाही, हेही नोंदवायला हवं. तो दैवयोग मानावा, पद्धतीचं श्रेय नव्हे. ३५ वर्षांची शिक्षा झाली, ओबामांनी ती कमी केली आणि २०१७ मध्ये ती सुटली.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या दोस्तांत भाव खाण्यासाठी युक्रेन युद्धाचे कागद टाकणारा जॅक टेशेरा या तुलनेत बसतच नाही.

किंमत

कागद जितके कमी तितकी शिक्षा कमी, असा हिशेब करू नका. एनएसएसाठी काम करणाऱ्या रिॲलिटी विनरने एकच अहवाल दिला आणि ५ वर्षं ३ महिने मिळाले. ७,००० पानं देणारे एल्सबर्ग सुटले, कारण निक्सनच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडल्याचं उघड झालं. त्या खटल्यात वकिलाने त्यांना विचारलं, तुम्ही प्रती का काढल्या? प्रश्न गैरलागू ठरवून न्यायाधीशांनी उत्तरच देऊ दिलं नाही. १९१७ च्या हेरगिरी कायद्यात ‘का’ला आजही जागा नाही.

युरोपात थोडी आहे. रोमानियाच्या गुप्तचर खात्यातला कॉन्स्टांटिन बुकुर पत्रकार आणि राजकारण्यांच्या बेकायदा फोन टॅपिंगबद्दल आधी वरिष्ठांशी बोलला, मग एका खासदाराशी, आणि शेवटी १९९६ मध्ये पत्रकार परिषद घेतली. मायदेशी शिक्षा झाली, पण २०१३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. राष्ट्रीय सुरक्षा आणि माहितीचा हक्क यांविषयीची त्याच वर्षीची आंतरराष्ट्रीय ‘त्श्वाने तत्त्वं’ही हेच विचारतात: आधी आतून प्रयत्न केलात का, आणि गरजेपुरतंच उघड केलंत का?

मग निवड

गुन्हा खालच्या पातळीवरचा असेल तर आत तक्रार करा, वकिलाला सोबत घेऊन. गुन्हा वरून झाकला जात असेल आणि तुम्हाला तो कागदाशिवाय सांगता येत असेल, तर रायडनअवरचं पत्र समोर ठेवा आणि एका लोकप्रतिनिधीला न लिहिता तिसांना लिहा. कागदाशिवाय कुणी विश्वासच ठेवणार नाही आणि नुकसान आत्ता चालू आहे, तेव्हाच पत्रकार. तेही स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं तेवढंच, आणि तुरुंग गृहीत धरून. चौथी वाट मी कुणालाही सुचवणार नाही.

आणि बेकायदा काही नाही, फक्त धोरण पटत नाही, असं असेल तर राजीनामा हा रस्ता आहे. एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट या ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या कायदेविषयक उपसल्लागार. इराक युद्ध बेकायदा आहे असं तर त्यांचं ठाम मत होतं, तरी मार्च २००३ मध्ये त्यांनी कुठलाही कागद न फोडता पद सोडलं. त्यांचं राजीनामापत्र सरकारने २००५ मध्ये माहितीच्या कायद्याखाली खुलं केलं, त्यातला एक परिच्छेद कापून. महाधिवक्त्यांनी युद्धाबद्दलचं आपलं मत कसं बदललं, ते त्या परिच्छेदात होतं. तो परिच्छेदही थोड्याच दिवसांत चॅनल ४ च्या बातम्यांत झळकला.