मराठी ३०, इंग्रजी ४०: आमच्या कराडच्या टायपिंग क्लासबद्दल

दत्त चौकापासून चालत पाच मिनिटं, खाली औषधाचं दुकान आणि वरच्या मजल्यावर हा क्लास. पाटीवर मोठं इंग्रजी नाव आहे, पण ते रिक्षावाल्याला सांगून उपयोग नाही. 'वरच्या सरांचा टायपिंग क्लास' म्हटलं की तो बरोबर जिन्यापाशी उतरवतो. जिना अरुंद आणि अंधारा. वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने थांबायचं, हा इथला न लिहिलेला नियम.

मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत केंद्रचालक आहे. म्हणजे दाखले काढून देणं, नमुना ८ चे, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचे, उतारे छापणं, वरून मागवलेली माहिती भरणं. त्याआधी मेडिकलच्या काउंटरवर होते, मग घरी पिको-फॉलचं मशीन घेतलं, मग बचत गटांचं काम केलं. मराठी टाइप करायचे ते इंग्रजी अक्षरं दाबून, दोन बोटांनी. काम चालत होतं. पण पुढेमागे लिपिकाची जागा निघालीच तर अर्जात टंकलेखनाच्या प्रमाणपत्राचा रकाना रिकामा नको, म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाले.

आधी दुसऱ्या एका क्लासमध्ये चौकशी केली होती. तिथं एसी, काचेचं दार, आणि टेबलावरच्या मुलीने पाच मिनिटांत तीनदा 'हमखास सरकारी नोकरी' म्हटलं. फी विचारली तर आधी नाव-नंबर लिहा म्हणाली. मी नमस्कार करून उतरले.

वरच्या सरांनी उलटं केलं. पहिल्याच दिवशी सगळ्या नव्या बॅचला उभं करून म्हणाले, "टायपिंगच्या सर्टिफिकेटवर नोकरी लागत नाही. नोकरी लागणाऱ्याला सर्टिफिकेट लागतं. हा फरक ज्याला कळला त्याने बसावं, बाकीच्यांनी फी परत न्यावी." एका मुलाने खरंच परत नेली. सरांनी ड्रॉवर उघडून मोजून दिली. माझा विश्वास तिथंच बसला.

फी एका विषयाला साडेसहा हजार, दोन हप्त्यांत. कोर्स सहा महिन्यांचा, परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची, जिला सगळे जीसीसी-टीबीसी म्हणतात. मराठी ३० म्हणजे मिनिटाला तीस शब्द, इंग्रजी ४० म्हणजे चाळीस. पण परीक्षा नुसत्या गतीची नसते. वस्तुनिष्ठ प्रश्न, ईमेल, पत्र, तक्ता आणि मग गतीचा उतारा. बाकीचे क्लास गतीच्या मागे लागतात आणि पोरं तक्त्यात आपटतात, असं सर म्हणतात. इथं दर शनिवारी नुसता तक्ता असतो. कंटाळवाणा असतो, पण चुकवू नका.

आता शिकवण्याबद्दल. मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्याला रेमिंग्टनचा कळफलक म्हणजे डोकं उलटं करून चालणं. डी दाबलं की क, जे दाबलं की र, के दाबलं की काना. तेवढं आठवड्यात बसतं. त्रास पुढे आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. 'किती' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. रफार मात्र शेवटी. 'कार्यालय' मधला रफार 'या'चा काना मारून झाला की मग द्यायचा, आणि सरकारी पत्रात हा शब्द दर दोन ओळींनी येतो. भ, ध, थ, श, ण यांना अख्खी कळच नाही. अर्धं अक्षर दाबायचं आणि काना जोडायचा. हे सगळं जुन्या टाइपरायटरवरून आलंय. तिथं खिळा जसा उमटेल तसंच अक्षर जुळवावं लागायचं. कोपऱ्यात एक गोदरेजचं मराठी मशीन झाकून ठेवलंय. सरांनी त्यावर 'शासन' हा शब्द मारून दाखवला, तेव्हा अर्धा श, त्याचा काना, वर आणखी एक काना, असं कागदावर डोळ्यांनी दिसलं आणि माझा गोंधळ तिथंच मिटला. गोदरेजने पहिला टाइपरायटर १९५५ मध्ये काढला आणि २००९ मध्ये बनवणं बंद केलं. कंपनी थांबली, पण तिच्या मशीनची सवय आमच्या बोटांत अजून भरली जातेय.

सर हातावर पुठ्ठ्याचं झाकण ठेवतात. कळा दिसायच्या नाहीत. पहिले पंधरा दिवस रडू येतं. माझ्या शेजारच्या काकू तर रोज म्हणायच्या, उद्यापासून येत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी हजर.

या काकूंबद्दल लिहायला हवं, कारण फी टायपिंगची असली तरी मला इथं जास्त मिळालं ते शेजारच्या खुर्च्यांवरून. काकूंचे मिस्टर एका खात्यात लिपिक होते. ते गेल्यावर अनुकंपावर यांना घेतलं, पण ठरलेल्या मुदतीत टायपिंग पास व्हायची अट. बावीस वर्षं घर आणि म्हशी सांभाळलेली बाई. मधल्या बोटाऐवजी करंगळीच काना दाबायला जायची. त्यांच्या पलीकडे फौजेतून निवृत्त झालेला एक दादा. आमच्या सातारा जिल्ह्यात त्याचं काही नवल नाही. तो सैन्यात क्लार्कच होता, इंग्रजी चाळीस त्याला डाव्या हाताचा खेळ, पण मराठीत वेलांटी आली की थांबायचा आणि हिंदीत काहीतरी पुटपुटायचा. माजी सैनिकांच्या १५ टक्के समांतर आरक्षणातून लिपिक व्हायचंय त्याला. त्याचं गणित पक्कं होतं: पेन्शन आहे, जमीन थोडी आहे, बसून खाल्लं तर दोन वर्षांत माणूस गावाच्या पारावरचा होतो.

एक कार्यालयातले शिपाई काका होते, पदोन्नतीने लिपिक व्हायला टायपिंग हवं म्हणून येणारे. साहेबांच्या केबिनबाहेर आयुष्य गेलेलं, त्यामुळे सरकारी पत्राची भाषा तोंडपाठ. पत्राच्या प्रश्नात 'उपरोक्त विषयान्वये' कुठं घालायचं हे आम्ही त्यांना विचारायचो आणि ते आम्हाला की-बोर्ड विचारायचे. आणि एक लग्नपत्रिकावाले. वीस वर्षं श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरवर पत्रिका जुळवल्या, स्पीड सरांपेक्षा जास्त, पण हातात प्रमाणपत्र नाही. आता लोक व्हॉट्सअॅपवर पत्रिकेचा व्हिडिओ पाठवतात, छपाई देवाला ठेवण्यापुरती. वय सरकारी मर्यादेच्या पार गेलेलं, म्हणून त्यांची नजर पतसंस्थेवर. हा माणूस ईमेलच्या प्रश्नाला अडायचा, कारण आयुष्यात कुणाला ईमेल केलेली नव्हती.

मुली सगळ्यात जास्त. २०२३ च्या जानेवारीत एमपीएससीने ८,१६९ पदांची जाहिरात काढली, त्यातली ७,०३४ एकट्या लिपिक-टंकलेखकाची. तेव्हा जिन्यावर रांग होती म्हणे, सकाळी सहाची बॅच काढावी लागली. ती गर्दी ओसरलीय, पण मुलींना यातली वाट कळलीय. आमच्या बॅचमधल्या एका बीएस्सी ॲग्री झालेल्या पोरीने शेतीऐवजी कोर्ट धरलंय. कोर्टाच्या कनिष्ठ लिपिकाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० दोन्ही लागतं. शिवाय ती शॉर्टहँड करते. लघुटंकलेखकाला मिनिटाला ८०, निम्न श्रेणी लघुलेखकाला १००, उच्च श्रेणीला १२० शब्द. "ताई, लिपिकाला हजारो, स्टेनोला मोजके," असं तिचं म्हणणं. तिच्या वहीतल्या त्या रेघोट्या बघून मला काही कळलं नाही, पण हिशोब पटला.

शॉर्टहँड सर स्वतः शिकवत नाहीत, बाहेरून एक निवृत्त स्टेनो मॅडम आठवड्यातून तीनदा येतात. त्याची फी वेगळी. आधीच विचारून घ्या, पत्रकावर ती लिहिलेली नाही.

सरांचा स्वतःचा प्रवासही सरळ नाही. कोर्टाबाहेर एका वकिलांकडे टायपिस्ट, रात्री शिवाजी विद्यापीठाच्या पोरांचे प्रबंध पानावर टाइप करून द्यायचे, मग कर्ज काढून सेकंडहँड मशीन घेतली आणि क्लास थाटला. संगणक आल्यावर मशीन भंगारात गेली, कर्ज नवं झालं. मध्ये एमएस-सीआयटीही शिकवलं. आता खाली औषधाच्या दुकानात त्यांचा मुलगा बसतो. मुलाने टायपिंग शिकलं का विचारलं तर सर हसले नुसते.

तक्रारी आहेत. पंखा एकच चालतो आणि तो मुलांच्या बाजूला. बायकांसाठी बाथरूम नाही. समोरच्या सायबर कॅफेत जावं लागतं आणि तिथला मुलगा दरवेळी असं बघतो की आपण त्याच्याकडे उधार मागायला आलोय. दुपारी लाईट गेली तर इन्व्हर्टर निम्मीच मशीन ओढतो. खिडकीपासून तिसऱ्या मशीनची 'ा'ची कळ चिकटते, आणि मराठीत काना चिकटला तर उरलंच काय. सरांना दोनदा सांगितलं, त्यांनी दोनदा 'उद्या' म्हटलं. इंग्रजी शिकवणारा मुलगा चांगला आहे पण त्याचं स्वतःचं पोलीस भरतीचं चाललंय. मैदानी चाचणीच्या दिवसांत तो गायब असतो. सराव प्रिंटचे पैसे पानागणिक घेतात, तेही फीमध्ये धरायला हवे होते.

तरी मी पाचपैकी चार देईन. कापलेला एक बाथरूमचा.

मराठी ३० झालं. काकूही पास झाल्या, तक्त्यात माझ्यापेक्षा जास्त मार्क घेऊन. फौजी दादा पुढच्या परीक्षेला बसणार आहे. ज्यांना ग्रामपंचायत, पतसंस्था, कोर्ट, शाळेतलं कार्यालय यातलं काही डोक्यात आहे त्यांनी जरूर जावं. नुसतं 'कॉम्प्युटर यायला पाहिजे' म्हणून जाणार असाल तर पैसे वाचवा. इथं एक्सेलचं सूत्र कुणी शिकवत नाही, नुसती बोटं शिकवतात. बॅच सकाळी आठची घ्या, दुपारची नको, लाईटचं वर सांगितलंच. येताना स्वतःची उशी आणा, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. आणि तिसरं मशीन रिकामं दिसलं तर ते का रिकामं आहे हे आता तुम्हाला माहीत आहे.